टोळीतलं घर: भावकी, भाऊबंदकी आणि माफियाची निष्ठा

संशोधन आराखड्यांमध्ये एक वाक्य फार वेळा भेटतं: 'कुटुंबनिष्ठा आणि सन्मान ही माफियाची मूलभूत मूल्ये होत.' विषय समाजशास्त्राचा असो, इतिहासाचा असो की इंग्रजी साहित्याचा ('गॉडफादर'वर काम करू इच्छिणारे आपल्याकडे कमी नाहीत), हे वाक्य पहिल्या पानावर असतंच. वाचायला बरं वाटतं. पण समितीतल्या कुणी 'हे कशावरून म्हणता?' एवढंच विचारलं की गाडी अडते. म्हणून आज या एका वाक्याची जरा नीट तपासणी करू. यातलं कुटुंब कोणतं? निष्ठा कुणाची कुणाशी? आणि इज्जत हे घटनेचं कारण आहे, की घटना घडून गेल्यावर दिलेलं स्पष्टीकरण?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. टोळी स्वतःला 'कुटुंब' म्हणते तेव्हा ती रक्ताच्या नात्याचं वर्णन करत नसते. ती त्या नात्याची ताकद उसनी घेत असते, आणि बऱ्याचदा त्याच नात्याच्या विरोधात वापरत असते. त्यामुळे या निष्ठेचा अभ्यास ती जिथे टिकली तिथे करून फार हाती लागत नाही. ती जिथे तुटली तिथे बघावं लागतं.

आधी आपलेच शब्द

सिसिलीला जाण्याआधी पारोळ्याच्या बाजारातच थांबू. अनोळखी माणसाला हाक मारायची तर आपण 'भाऊ' म्हणतो. जरा वयाने मोठा असेल तर 'जिभाऊ', 'आप्पा', 'नाना'. हे नातं खरं नाही हे दोघांनाही पक्कं माहीत असतं, तरी त्या हाकेने काम होतं. भाव कमी करायला सांगता येतो, चार दिवसांची उधारी मागता येते, नकार देणं समोरच्याला जड जातं. मराठीत 'मानलेला भाऊ' असा सरळ शब्दच आहे, मानवशास्त्रातली 'मानीव नाती' ही संज्ञा त्याच जातीची. जिथे लेखी करार नाही किंवा असून उपयोग नाही, तिथे नात्याचा शब्द कराराचं थोडंफार काम करतो.

आता खऱ्या भावांकडे या. एका कुळातली, लग्नाला आणि मयताला एकत्र येणारी माणसं म्हणजे भावकी. आणि त्याच मुळातून आलेला दुसरा शब्द भाऊबंदकी, ज्याचा अर्थ आपल्याला भांडण असाच माहीत आहे. बांध कोरला, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकवली, सातबाऱ्यावर नाव लावलं नाही. कुठल्याही तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वाटपाचे दावे बघा, वादी-प्रतिवादींची आडनावं एकच असतात. म्हणजे आपली भाषा आपल्याला एक गोष्ट फुकट शिकवते: रक्ताच्या नात्यात हक्क असतात, आणि हक्क आले की तंटा येतो. मानलेल्या भावाशी वाटणी नसते. माफियावरची पुस्तकं वाचताना हा फरक डोक्यात ठेवा. बऱ्याच परदेशी अभ्यासकांना तिथे पोहोचायला वेळ लागला, आपल्याकडे तो शब्दकोशातच आहे.

सिसिलीतलं 'कुटुंब' आडनावाचं नाही

सिसिलीतल्या कोझा नोस्त्राचा मूळ घटक म्हणजे 'फामिल्या', कुटुंब. पण ही कुटुंबं ओळखली जातात ती गावावरून किंवा शहरातल्या भागावरून. कोर्लिओने हे गाव आहे. तोमासो बुशेत्ता ज्या 'पोर्ता नुओव्हा' कुटुंबातला होता, तो पालेर्मो शहराचा एक भाग आहे. आत जन्माने येता येत नाही. बोट टोचून रक्ताचा थेंब संताच्या चित्रावर लावायचा, ते चित्र हातात जळत असताना शपथ घ्यायची, मग माणूस 'सन्मानाचा माणूस' होतो. ज्यांचं नातं आधीच रक्ताचं असतं त्यांना रक्ताची शपथ घ्यावी लागत नाही, हे लक्षात घ्या.

नोव्हेंबर २००७ मध्ये पालेर्मोजवळ साल्वातोरे लो पिक्कोलो हा मोठा म्होरक्या पकडला गेला. त्याच्याकडे टंकलिखित नियमांचा एक कागद सापडला. त्यात दहा नियम होते. मित्रांच्या बायकांकडे बघू नये, पोलिसांशी संबंध ठेवू नये, बायकोला मान द्यावा, असं सगळं. आणि त्यातच हेही, की कोझा नोस्त्रासाठी कायम हजर राहायचं, बायको बाळंत होणार असली तरी. शिवाय सभासद कोण होऊ शकत नाही त्याची यादी, आणि त्यात पहिलं नाव पोलिसांत जवळचा नातेवाईक असलेल्याचं. एकाच कागदावर कुटुंबाचा गौरवही आहे आणि खऱ्या कुटुंबाला दुसऱ्या नंबरवर ठेवण्याचा हुकूमही. आराखड्यातलं आपलं ते गोड वाक्य इथेच डळमळायला लागतं.

मग हे आलं कुठून? डच मानवशास्त्रज्ञ अँटन ब्लोक यांनी सिसिलीतल्या एका गावाचा १८६० ते १९६० असा शंभर वर्षांचा अभ्यास केला, पुस्तक १९७४ मध्ये आलं. त्यांचं बोट राज्यसंस्थेकडे आहे. १८१२ मध्ये सरंजामशाही कायद्याने संपली, १८६० नंतर बेट इटलीच्या राज्यात आलं, पण नव्या सरकारचा हात गावापर्यंत पोहोचला नाही. जमीनदार शहरात, शेतकरी रानात, आणि मधे जमीन मक्त्याने घेणारा 'गाबेलोत्तो'. दोन्ही बाजूंना धाकात ठेवून तो मोठा झाला.

डिएगो गाम्बेत्ता यांनी १९९३ च्या पुस्तकात याहून सरळ मांडणी केली: माफिया हा संरक्षण विकण्याचा धंदा आहे. त्यांचं उदाहरण गुरांच्या व्यवहाराचं आहे. खाटकाला वाटतं विकणारा फसवणार, विकणाऱ्याला वाटतं खाटीक फसवणार, म्हणून दोघं मिळून मधल्या एका माणसाला टक्का देतात. खान्देशातल्या कुणालाही हे वाचून बैलबाजार आठवेल. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारा दलाल, दोन्हीकडून दलाली घेणारा. फरक इतकाच, की आपल्या दलालाची पत हेच त्याचं भांडवल. सिसिलीतल्या मधल्या माणसाकडे पतीबरोबर बंदूकही असते, आणि त्याला टक्का द्यायचा की नाही हे ठरवायची मुभा हळूहळू उरत नाही.

गाम्बेत्तांचा मला सगळ्यात पटणारा मुद्दा नकाशाचा आहे. १९ व्या शतकात माफिया होता तो बेटाच्या पश्चिमेला, पालेर्मो, त्रापानी, आग्रिजेन्तोच्या पट्ट्यात. पूर्वेकडे, मेस्सिना-सिराकूसाकडे, तो जवळपास नव्हता. कुटुंबप्रेम, बायकांच्या अब्रूची कल्पना, सूड, हे सगळं तर दोन्हीकडे सारखंच होतं. मग इज्जत हे कारण असेल तर ते अर्ध्याच बेटावर का लागू पडलं? सगळीकडे असलेल्या गोष्टीने काहीच ठिकाणी घडलेली गोष्ट समजावता येत नाही. तुमच्या विषयात माफिया नसला तरी हा युक्तिवाद वहीत लिहून ठेवा, मुलाखतीत कामाला येतो.

'ओमेर्ता' या शब्दाचंही असंच आहे. मौनाचा नियम असं आपण त्याचं भाषांतर करतो. काही जण त्याचं मूळ 'ओमू' म्हणजे पुरुष या शब्दात शोधतात, काही 'उमिल्ता' म्हणजे नम्रता या शब्दात. एका व्युत्पत्तीत मर्दपणा, दुसरीत मान खाली घालणं. बोलणाऱ्याच्या जागेवरून बघितलं तर दोन्ही खरी असावीत.

न्यूयॉर्क: बापाने मुलाला पुढे केलं म्हणून युद्ध

अमेरिकेत १९६३ मध्ये जोसेफ वालाची सिनेटच्या समितीपुढे बोलला आणि 'कोझा नोस्त्रा' हे नाव घरोघरी गेलं. न्यूयॉर्कची पाच कुटुंबं म्होरक्यांच्या आडनावांनी ओळखली जाऊ लागली: बोनानो, कोलंबो, गॅम्बिनो, जेनोव्हेजे, लुकेजे. त्यामुळे ही घराणीच आहेत असा समज पसरला. अभ्यासकांमध्येही दोन तट होते. डोनाल्ड क्रेसी यांनी १९६९ मध्ये ही जणू एक मोठी कंपनी आहे, वर संचालक, खाली अधिकारी, असं चित्र मांडलं. मानवशास्त्रज्ञ फ्रान्सिस इयानी यांनी १९७२ मध्ये उलट म्हटलं. त्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका इटालियन-अमेरिकन घराण्यात (पुस्तकात टोपणनाव 'लुपोल्लो') राहून-वावरून अभ्यास केला, आणि हे खरोखरच सोयरिकींनी बांधलेलं घर आहे, पिढ्यान् पिढ्या कायदेशीर धंद्याकडे सरकणारं, असा निष्कर्ष काढला. दोघांचं साहित्य वेगळं होतं हे विसरू नका. क्रेसी सरकारी कागदांवर उभे होते, इयानी जेवणाच्या टेबलावर बसून होते. जिथे बसाल तिथून तसं दिसतं.

आता जोसेफ बोनानोची गोष्ट. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्याने आपला मुलगा बिल याला संघटनेत सल्लागाराच्या वरच्या पदावर बसवलं. 'कुटुंब' जर खरंच कुटुंब असेल तर यात गैर काय? पण त्याच्याच माणसांना ते खटकलं, फूट पडली, गोळीबार झाले. वर्तमानपत्रांनी त्याला 'बनाना वॉर' असं थट्टेचं नाव दिलं. मुलाशी दाखवलेली निष्ठा टोळीला बेइमानी वाटली. आपण याला घराणेशाही म्हटलं असतं, आणि तीच तक्रार होती.

याच बोनानोने १९८३ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, नाव 'अ मॅन ऑफ ऑनर'. त्यात त्याने टोळीप्रमुखांच्या 'कमिशन'बद्दल मोकळेपणाने लिहिलं. सरकारी वकील रुडॉल्फ जुलियानी यांनी ते वाचलं, आणि कमिशनवरच खटला उभा करण्याच्या कामात ते उपयोगी पडलं. साक्ष द्यायला मात्र बोनानोने नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगात गेला. सन्मानाचं पुस्तक लिहिणं हीच साक्ष झाली होती, पण साक्ष देणं त्याच्या सन्मानात बसत नव्हतं. इज्जत ही अशी जागच्या जागी ठरत जाते.

दुसरं उदाहरण जास्त अंगावर येतं. साल्वातोरे ग्राव्हानो हा गॅम्बिनो टोळीतला मोठा माणूस. १९७८ मध्ये टोळीने त्याच्या बायकोच्या भावालाच मारायचं ठरवलं. ग्राव्हानोला ते कळलं, आणि त्याने ते होऊ दिलं. पुढे बायकोच्या माहेरच्यांबरोबर शोकही केला. त्या वेळी त्याच्या मते ही निष्ठा होती. मग १९९२ मध्ये याच माणसाने आपला प्रमुख जॉन गॉटी याच्याविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली. मेव्हण्याच्या वेळी जी निष्ठा टिकली ती स्वतःच्या जन्मठेपेच्या भीतीपुढे टिकली नाही. मूल्य म्हणून निष्ठेचा अभ्यास करणाऱ्याने ही दोन वर्षं, १९७८ आणि १९९२, शेजारी ठेवून बघावीत.

मुंबई: भाई, आपा, डॅडी

आता आपल्या राज्यात येऊ. दाऊद इब्राहिमचे वडील इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होते, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं मुंबके. लो पिक्कोलोच्या कागदाप्रमाणे दाऊदला सभासदसुद्धा होता आलं नसतं! ही गंमत सोडली तरी त्यात मोठा फरक आहे. सिसिलीत शपथेने बांधलेली बंदिस्त संघटना होती, मुंबईत 'कंपनी' होती. शब्दच बघा, 'डी कंपनी'. शपथ नाही, विधी नाही, भरती धर्म-भाषा ओलांडून. पण आतली हाक मात्र 'भाई'.

१२ फेब्रुवारी १९८१ ला प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा मोठा भाऊ साबिर मारला गेला. मारणाऱ्यांत पठाण टोळीचे अमीरजादा आणि आलमजेब होते, आणि त्यांच्याबरोबर मन्या सुर्वे. मन्या वर्षभरातच, ११ जानेवारी १९८२ ला, वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. अमीरजादाला १९८३ मध्ये न्यायालयात गोळी घातली गेली. ही सगळी साखळी भावाच्या रक्ताचा सूड म्हणून सांगितली जाते, आणि दाऊदच्या मनात ते नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. पण न्यायालयात गोळी घालणारा डेव्हिड परदेशी कासकरांचा कुणी नव्हता. त्याला तयार केलं ते बडा राजन नावाच्या तिसऱ्याच माणसाने, असं त्या काळातल्या पत्रकारांच्या नोंदी सांगतात. सूड घरचा, हात भाड्याचा. बडा राजनचाही त्याच वर्षी खून झाला आणि चेंबूरच्या राजेंद्र निकाळजेने 'छोटा राजन' हे नाव घेतलं. नावाचा वारसा चालला, रक्ताचा नाही. आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तोच छोटा राजन दाऊदचा सगळ्यात मोठा वैरी झाला.

भायखळ्याची दगडी चाळ याहून रोचक आहे. तिथे अरुण गवळीला 'भाई' म्हणत नाहीत, 'डॅडी' म्हणतात, आणि त्याच्या पत्नीला 'मम्मी'. भाई म्हणजे बरोबरीच्यांतला थोरला. डॅडी म्हटलं की चाळ हेच घर झालं आणि राहणारे सगळे लेकरं. हे नातं हवेतून आलेलं नाही. गिरणगावात कोकण-घाटावरून आलेली माणसं गाववाल्यांच्या गाळ्यात राहायची, खानावळीत जेवायची, मुकादमाच्या ओळखीने गिरणीत लागायची. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवलंय की चाळीतला 'दादा' हा नुसता गुंड नव्हता. तो तालीम चालवायचा, तंटे मिटवायचा, संपात कधी कामगारांच्या तर कधी मालकांच्या बाजूने उभा राहायचा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या मोडल्या, नोकऱ्या गेल्या, जमीन मात्र राहिली, आणि तिचे भाव वाढत गेले. १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा भररस्त्यात खून झाला तो गिरणीच्या जमिनीच्या व्यवहाराशी जोडला गेला. जमीन विकायला कामगारांची संमती हवी, ती कुणी मिळवून द्यायची? गाम्बेत्तांचा बैलबाजार इथे गिरणीच्या फाटकाशी भरलेला दिसतो.

गवळीच्या गटाचीही आपली मयतांची यादी आहे. गटातल्या पहिल्या तिघांपैकी बाबू रेशीम १९८७ मध्ये पोलीस कोठडीत मारला गेला, रमा नाईक १९८८ मध्ये पोलिसांच्या गोळीने. रमाची टीप दाऊदकडून गेली असा गवळी गटाचा समज झाला. गवळीचा भाऊ १९९० मध्ये मारला गेला. जुलै १९९२ मध्ये दाऊदची बहीण हसीना हिचा नवरा इब्राहिम पारकर याला गवळीच्या माणसांनी मारलं. मग १२ सप्टेंबर १९९२ ला जे. जे. रुग्णालयात घुसून पारकरच्या मारेकऱ्यांपैकी शैलेश हळदणकरला ठार केलं गेलं. भावाला भाऊ, मेव्हण्याला मेव्हणा, असा हिशेब कुणालाही पटेल इतका नेटका दिसतो. पण रुग्णालयात गोळ्या झाडणाऱ्यांत कासकर घरातलं कुणी नव्हतं. आणि पहाऱ्यावरचे दोन कॉन्स्टेबल त्या रात्री मेले, त्यांचा या कुठल्याच घराशी संबंध नव्हता. अशा नेटक्या कहाण्यांमध्ये त्यांना जागा मिळत नाही. हसीनाला मात्र त्यानंतर नागपाड्यात 'आपा' म्हणून मोठी जागा मिळाली. इथेही नात्याचा शब्दच पद झाला.

नात्याची भाषा पुढे समाजापर्यंत ताणली जाते. नव्वदच्या दशकात बाळासाहेब ठाकरे यांनी गवळी आणि अमर नाईक यांचा उल्लेख जाहीरपणे आपली मुलं अशा अर्थाने केला होता. पुढे गवळीने १९९७ मध्ये स्वतःची अखिल भारतीय सेना काढली आणि २००४ मध्ये तो चिंचपोकळीतून आमदार झाला. २००७ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांचा खून झाला, आणि त्या खटल्यात २०१२ मध्ये गवळीला जन्मठेप झाली. जामसंडेकर शिवसेनेचे होते. 'मुलं' आणि 'घर' यांची इथे पार भाऊबंदकी झालेली आहे.

पुरावा कुठून येतो

या क्षेत्रात आपल्याला जे माहीत आहे ते तीन दारांतून येतं: पोलीस, पत्रकार आणि पडदा. तिन्हींना इज्जतीची गोष्ट सोयीची असते.

पोलिसांचं आधी. आपल्या सर्वसाधारण पुरावा कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, म्हणजे मकोकाने, ते बदललं. कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा होऊ शकते. तेव्हा निकालपत्रात 'मी भाईसाठी केलं' अशा अर्थाचं काही आलं तर ते कुणापुढे, कोणत्या खोलीत आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आलं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुलनेसाठी एक बारीक गोष्ट सांगते. इटलीच्या १९८२ च्या कायद्यात, माफिया-पद्धतीच्या संघटनेच्या व्याख्येत, 'ओमेर्ता' हा शब्दच आहे. मकोकाच्या व्याख्येत हिंसा, धाक, आर्थिक फायदा आणि सतत चालणारं बेकायदा कृत्य आहे, मौन किंवा इज्जत कुठेच नाही. एका देशाने संस्कृती कायद्यात घेतली, दुसऱ्याने धंदा घेतला. यावर कुणीतरी मराठीत नीट काम करायला हवं.

पत्रकारितेबद्दल एकच उदाहरण पुरेसं आहे. नोव्हेंबर २००० मध्ये शिवसेनेच्या नगरसेविका नीता नाईक यांच्यावर गोळीबार झाला आणि त्या गेल्या. टोळीशी संबंधित पती अश्विन नाईक याच्यावर संशय आला आणि घराच्या अब्रूसाठी केलेला खून अशी कहाणी लगेच छापली गेली. न्यायालयात मात्र पतीवरचा आरोप टिकला नाही. इज्जतीचं स्पष्टीकरण इतकं तयार असतं की ते पुराव्याची वाट बघत नाही, विशेषतः मेलेली व्यक्ती बाई असेल तेव्हा.

पडद्याचं तर विचारूच नका. 'गॉडफादर' १९७२ चा, त्यावरून १९७५ चा 'धर्मात्मा', मग 'नायकन', 'दयावान', 'सरकार', मराठीत २०१५ चा 'दगडी चाळ'. गाम्बेत्ता यांनी नंतरच्या एका पुस्तकात दाखवलंय की खरे गुंडही सिनेमातून बोलणं-चालणं उचलतात. म्हणजे मुलाखतीत कुणी 'आमच्यात घराला हात लावत नाहीत' असं म्हणालं, तर तो आपला नियम सांगतोय की एखादा संवाद, हे तपासायची सोय तुमच्याकडे नसते.

घर सोडणाऱ्या मुलीकडे बघा

म्हणून मी म्हटलं, निष्ठा तुटते तिथे बघा. बुशेत्ता १९८४ मध्ये न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोनेंपुढे बोलला, तेव्हा त्याचे दोन मुलगे १९८२ मध्येच गायब केले गेले होते. त्याच्या सांगण्याप्रमाणे बेइमान तो नव्हता, जुने नियम मोडणारे कोर्लिओनेवाले बेइमान होते. त्याच्या जबाबावर उभा राहिलेला महाखटला फेब्रुवारी १९८६ ते डिसेंबर १९८७ चालला, आरोपी साडेचारशेहून जास्त. बुशेत्ता बोलला तेव्हाही इज्जतीचीच भाषा बोलत होता. पुरुषांना फुटण्यासाठीही त्या भाषेत जागा मिळते.

रिता आत्रियाला ती मिळाली नाही. त्रापानी जिल्ह्यातल्या पार्तान्ना गावची मुलगी. वडील टोळीतले, १९८५ मध्ये मारले गेले. भाऊ निकोला १९९१ मध्ये. आधी वहिनी पिएरा आयेल्लो बोलली, मग सतरा वर्षांची रिता न्यायाधीश पाओलो बोर्सेलिनोंकडे गेली आणि गावातली सगळी नावं सांगितली. आईने तिला टाकलं. १९ जुलै १९९२ ला बोर्सेलिनोंचा बॉम्बस्फोटात खून झाला. आठवड्याने, २६ जुलैला, रोममधल्या इमारतीवरून पडून रिताचा मृत्यू झाला. तिने आत्महत्या केली अशी नोंद झाली. नंतर आईने थडग्यावरचा दगड हातोडीने फोडला.

रिताने वडील आणि भावासाठीच तोंड उघडलं होतं. रक्ताच्या नात्याशी निष्ठा म्हणायची तर ती तिचीच होती. पण आईच्या आणि गावाच्या हिशेबात घराची अब्रू घालवणारीही तीच. एकाच घरात 'निष्ठा' या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर उभे राहतात तेव्हा संशोधकाला सगळ्यात जास्त दिसतं, आणि असे प्रसंग बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला आलेले असतात. टोळ्यांवरच्या मराठी लिखाणात त्यांचे जबाब फार कमी वाचले गेलेत.

आराखड्यात काय लिहाल

'मूल्ये होत' हे वाक्य खोडा आणि त्या जागी प्रश्न ठेवा. उदाहरणार्थ: 'मकोकाच्या खटल्यांतील उच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत नात्याचे शब्द कोण वापरतं, आरोपी, साक्षीदार, पोलीस की न्यायाधीश?' मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळावर मोफत मिळतात, जळगावात बसून वाचता येतात. दहा-पंधरा निकाल घ्या. भाऊ, भाई, घर, इज्जत, अब्रू हे शब्द जिथे येतील तिथे कोण बोलतंय ते टिपा. इंग्रजी निकालात हे शब्द भाषांतरात हरवतात, तेही टिपा, तो स्वतंत्र मुद्दा आहे. गुन्हेगारांच्या थेट मुलाखतींचा मोह पहिल्या वर्षी धरू नका. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी, बोलणाऱ्याची सुरक्षितता आणि तुमची स्वतःची, हे तिन्ही सुटल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही.

आणि कुणाला खान्देशातच राहून काम करायचं असेल तर गाम्बेत्तांचा नकाशा इथे लावून बघा. अमळनेरला प्रताप मिल होती. गिरणी होती, चाळी होत्या, गावागावांतून आलेले कामगार होते, दादा होते आणि भावकी तर होतीच. गिरणी बंदही पडली. तरी भायखळ्यासारखी 'कंपनी' तिथे उभी राहिली नाही. जमिनीचा भाव वेगळा होता म्हणून? परतायला शेत होतं म्हणून? की संघटना वेगळी होती म्हणून? जुन्या कामगारांपैकी बरेच जण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पुढच्या दोन-तीन वर्षांत कुणी त्यांच्याशी अहिराणीत बसून बोललं नाही, तर हा प्रश्न विचारायला माणसंच उरणार नाहीत.